दोन दिवस स्टॉल, एक चित्र, अकरा पोस्टकार्डं

तळ्याकाठची | रविवार, रात्री ११:५२

आत्ता घरी पोचले. हॉलमध्ये एकवीस फ्रेमा बबलरॅपमध्ये उभ्या आहेत. नवरा त्या ओलांडून फ्रीजपर्यंत गेला, पाणी प्यायला आणि शहाण्यासारखा काही न बोलता झोपायला गेला. मला झोप येत नाहीये, म्हणून हा धागा.

ठाण्यात एका तळ्याकाठी शनिवार-रविवार उघड्यावरचं कला प्रदर्शन होतं. पन्नासेक स्टॉल, मधोमध स्टेज, शेवटाला खाण्याच्या गाड्या. मी जलरंगात काम करते आणि विषय सगळे ठाण्याचेच: मासुंदा तलाव, कोपिनेश्वराच्या मागची गल्ली, येऊरची वाट, नौपाड्यातली जुनी दुमजली घरं. अकरा बाय पंधरा इंचाचं चित्र फ्रेमसकट ४,५००, त्याच्या निम्म्या आकाराचं बिनफ्रेमचं १,८००. शिवाय माझ्याच चित्रांची पोस्टकार्डं, ६० रुपयांना एक.

हिशेब मांडते, म्हणजे कुणी "अनुभव तरी मिळाला ना" म्हणणार नाही. भाडं ६,०००. टेम्पो येऊन-जाऊन १,८००. चहा, वडापाव, पाणी ७००. झाले ८,५००. विक्री? एक छोटं चित्र १,८०० आणि अकरा पोस्टकार्डांचे ६६०. म्हणजे २,४६०. सरळ ६,०४० चा खड्डा, आणि यात कागद, रंग, फ्रेमा धरलेल्याच नाहीत.

शनिवारी भवानी झाली संध्याकाळी सात वाजता. एक पोस्टकार्ड. तोवर ऐकलेले प्रश्न: "हे प्रिंट आहे ना?" "सात घोड्यांचं आहे का? वास्तुवाल्यांनी पूर्वेला लावायला सांगितलंय." "माझ्या भाचीला इंटरमीजिएटला ए ग्रेड होती, तीपण असंच काढते." आणि माझं सगळ्यात आवडतं, "वॉशरूम कुठे आहे?"

रविवारी वैतागून इझल मांडून तिथेच चित्र काढायला बसले. तर काय गर्दी! तीस-चाळीस माणसं, मोबाइल उंचावून. ब्रश खाली ठेवला आणि गारुड्याचा खेळ संपावा तशी सगळी पांगली. एक आजोबा तेवढे दुमजली घराच्या चित्रासमोर दहा मिनिटं उभे. "हे गोखले रोडचं का हो?" म्हटलं, नाही, आतल्या गल्लीतलं, आता पाडलंय ते. "हं," म्हणाले आणि निघून गेले. असे वेळ खाणारेही भेटतात.

तर मला विचारायचंय, किमती उतरवू का? बाजूच्या स्टॉलवर फ्रिज मॅग्नेट आणि कॉफीचे मग धडाधड खपत होते, तसलं काही ठेवू का? की उघड्यावरची प्रदर्शनं हा आपला प्रांत नाही, असं समजून गप घरी बसू?

घोडबंदरचा घोडा | सोमवार, सकाळी ७:१०

सातापैकी एक मी आहे, बाकीचे सहा तुम्ही काढा. हलके घ्या.

गंभीरपणे, वाईट वाटलं वाचून. बाकी जाणकार बोलतीलच. मी चहा घेऊन बसलोय.

रिकामी भिंत | सोमवार, सकाळी ९:३५

मी चित्रकार नाही. तुमच्या स्टॉलसमोरून जाणारा आणि काहीही न घेणारा जो माणूस असतो ना, तो मी. हिरानंदानी इस्टेटला नवीन घर घेतलंय, हॉलची भिंत दोन वर्षं कोरी आहे, आणि तरीही मी घेत नाही. का ते प्रामाणिकपणे सांगतो.

एक तर किंमत दिसत नाही. विचारायची, चित्रकार उठून उभा राहतो, आशेनं बघतो, आकडा सांगतो आणि मग आपण "बरं बरं, छान आहे" करत उलट पावली मागे सरकायचं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. दुसरं, मी स्कूटरवर आलेलो असतो, बायको मागे, पोर पुढे. काचेची फ्रेम कुठे धरू? तिसरं म्हणजे भिंतीवर काय लागणार हे आमच्याकडे एकट्यानं ठरत नाही, आणि ठरवायला घरी गेलो की परत कोण येतंय. भाड्याच्या घरात होतो तेव्हा तर प्रश्नच नव्हता, मालक खिळा ठोकू देत नसे.

आणि एक खासगी कारण. स्टॉलवालं माणूस खुर्चीत बसून माझ्याकडे टक लावून बघत असेल तर मी आत पाऊल टाकत नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं असेल तरी नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्ही करायचं तरी काय. ते मला माहीत नाही.

तळ्याकाठची | सोमवार, सकाळी १०:०२

रिकामी भिंत, हे फार उपयोगाचं आहे. किमती होत्या हो. स्टिकरवर. फ्रेमच्या मागे.

(लिहिल्यावर माझं मलाच कळलं.)

पट्टीवाला | सोमवार, दुपारी १:१५

माझं नौपाड्यात फ्रेमचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. चित्रकार लोक आमच्याकडे शेवटी येतात आणि गिऱ्हाईक आमच्याकडे आधी, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. ताई, स्टॉलचा फोटो असेल तर टाका. न बघता औषध देत नाही.

तळ्याकाठची | सोमवार, दुपारी १:४०

टाकला आहे. हसू नका.

पट्टीवाला | सोमवार, दुपारी २:२०

हसलो नाही. पण बोलतो.

तुम्ही टेबल आडवं टाकलंय स्टॉलच्या तोंडावर आणि चित्रं मागच्या कनातीवर. ही मांडणी बटाटेवड्याची. चित्राला माणूस हातभर अंतरावर यायला लागतो, तुमचं गिऱ्हाईक सहा फुटांवर अडलंय. टेबल बाजूला, कडेला घ्या. माणूस आत आला पाहिजे.

चित्रं टांगलीत कमरेपासून. मधली ओळ सोडली तर बाकीची बघायला वाकावं लागतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला पाहिजे, गॅलऱ्यांमध्येही साधारण तेवढाच ठेवतात. एकवीस लावलीत, त्यातली नऊ लावा. उरलेली पेटीत उभी ठेवा, माउंट करून (म्हणजे भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट लावून), प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात. लोकांना चाळायला फार आवडतं. भिंतीवरच्या चित्राला हात लावायची भीती वाटते, पेटीतल्याला वाटत नाही. आणि स्कूटरवरून तेच जातं.

आता दिवा. वर आयोजकांचा पिवळा हॅलोजन दिसतोय. त्याचा गोळा प्रत्येक काचेत दिसतोय, तुमचं तळं दिसतच नाहीये. शिवाय जलरंगातली निळी त्या उजेडात मरते, राखाडी दिसते. आपले दोन एलईडी न्या, चार हजार केल्विनचे, ना पिवळे ना पांढरेफटक, आणि वरून तिरके मारा. सरळ समोरून मारले की काच पुन्हा आरसा.

फ्रेमबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात जलरंगाला बुरशीचे ठिपके येतात, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, ते तोंडावर बोलत नाही इतकंच. तुम्ही आपणहून सांगा: आम्लविरहित माउंट आहे, काच चित्राला टेकत नाही, मागून पट्टी चिकटवून बंद केलंय, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. इतकं सांगणारा माणूस गंडवत नसतो, असं गिऱ्हाईक धरून चालतं.

कुंचलाधारी | सोमवार, रात्री ८:३०

पट्टीवाल्यांशी बहुतांशी सहमत. किमतीबद्दल मी बोलतो.

उतरवू नका. ज्या एका माणसानं शनिवारी १,८०० ला चित्र घेतलं, त्याला रविवारी तेच १,२०० ला दिसलं तर तो तुमचा कायमचा गेला. आणि तुमचं गणित मुळात बरोबर आहे, करून बघितलं. फ्रेमचे ९०० वजा केले तर मोठ्या चित्राचे चौरस इंचाला बावीस रुपये पडतात, छोट्यालाही तेवढेच. लहानाचा दर एक आणि मोठ्याचा भलताच, अशी गफलत नवखे करतात. तुमची नाही.

मात्र कॉफीचे मग, मॅग्नेट, उशीचे अभ्रे या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला असताना आम्ही सुट्टीच्या दिवशी जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांशी गप्पा मारत असू. त्यांच्यापाशी चित्रंच असत, दुसरं काही नाही, आणि त्यांचं घर त्यावर चाले. लोक तिथे चित्र घ्यायलाच थांबत.

नेरूळची मैना | सोमवार, रात्री ९:०५

कुंचलाधारी, जहांगीरच्या दारात चित्र घ्यायलाच माणूस येतो हो. इथे तो पावभाजी खायला आलेला असतो. तो फरक आहे ना?

तळ्याकाठची, अगं मी केलंय मॅग्नेटचं. एका प्रदर्शनात सत्तर मॅग्नेट गेले, ८० रुपयांना एक. खूश झाले. मग लक्षात आलं की दोन दिवसांत एकानंही मान वर करून भिंतीकडे बघितलं नाही. सगळे ट्रेमध्ये वाकलेले, पाठ माझ्या चित्रांकडे. छापणावळ वजा जाता तीन हजारही सुटले नाहीत, आणि उरलेले दोनशे मॅग्नेट अजून लोखंडी कपाटाला चिकटलेत. कपाट उघडताना खाली पडतात.

पण पोस्टकार्ड ठेव. पोस्टकार्डाचं काम वेगळं आहे. मागे तुझं नाव, नंबर, आणि त्या चित्राचं मूळ विकायला आहे हे लिही. माझं एक मोठं चित्र, दीड फूट बाय दोन, पोस्टकार्ड नेल्यावर चार महिन्यांनी गेलं. बाईंनी फ्रिजवर लावून ठेवलं होतं म्हणे, नवऱ्याला त्याची सवय होईपर्यंत.

आणखी एक. मी फ्लेमिंगो काढते. सीवूड्स, नेरूळला ते जातात, कारण लोकांना गॅलरीतून समोरच्या पाणथळीत खरे दिसतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ मध्ये रामसरच्या (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीतही आली, तेव्हापासून तर पाहुण्यांना "आमचे फ्लेमिंगो" म्हणून दाखवायची पद्धतच पडलीये. तीच चित्रं मी डोंबिवलीला नेली, एक गेलं नाही. चांगलं चाललेलं चित्र वीस-पंचवीस किलोमीटरवर मुकं होतं. तेव्हा तुझ्या नौपाड्याच्या घरांना नौपाड्याची माणसं कुठे भेटतील ते शोध. त्या तळ्याकाठी आलेले निम्मे लोक गेल्या पाच-दहा वर्षांत ठाण्यात आलेले असणार. त्यांनी ते घर कधी बघितलंच नाही, तर त्यांना काय वाटणार?

बाजारकट्टा | सोमवार, रात्री १०:४८

वारली करा ना ताई. सोपं असतं, पटपट होतं, आणि नवीन फ्लॅटवाल्यांना आवडतं. सगळ्या प्रदर्शनात तेच खपतं.

नेरूळची मैना | सोमवार, रात्री ११:१५

सोपं? वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती काय पटपट होतं म्हणून?

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये मी वारली कलाकारांच्या बाजूला बसलेय. डहाणू-जव्हारकडून पहाटे निघून आलेली माणसं. गेरूवर तांदळाचं पीठ, बांबूची काडी. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर काढताना एकही माणूस मोजत नाहीत आणि तरी फेर बरोबर मिटतो. त्यांच्या कलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण शहरातून त्यांच्या पोटावर पाय देऊ नये म्हणूनच. मग त्यांच्याच समोर आपण ॲक्रिलिकनं तसलं रंगवून बसायचं? मला नाही जमणार.

बाजारकट्टा | सोमवार, रात्री ११:३०

बरं बाई, सूचना मागे घेतो.

सहीशिक्का | मंगळवार, सकाळी ८:२०

व्यवसायानं सीए, कोपरीला राहतो. दोन मुद्दे, कारण प्रत्येक प्रदर्शनात चित्रकार मला कोपऱ्यात गाठून हेच विचारतात.

महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातच स्वतःचा माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. म्हणजे आपल्यापैकी कुणालाच नाही (आणि हे मी दुःखानं म्हणतोय). आयोजक नंबर मागतात, नसेल तर तसं लिहून द्या. पण उलाढाल कितीही असो, पावती पुस्तक ठेवा. साधं, छापील. पावतीवर चित्राचं नाव, आकार, माध्यम लिहा. गिऱ्हाइकाला ते फार आवडतं, आणि मार्चमध्ये मला.

दुसरं, चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नाही. तो लेखी करून दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो, चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. एका बाईंचं चित्र कुणीतरी विकत घेतलं आणि कॅलेंडरवर छापलं. त्यांना वाटत होतं, विकलं म्हणजे गेलं. तसं नसतं. पावतीच्या तळाशी एक ओळ छापून टाका, वाद मिटतो.

बाकी चित्रकलेतलं मला कळत नाही. पण तळ्याकाठची, तुम्ही महिन्याच्या कितव्या आठवड्यात बसला होतात? चोवीस-पंचवीस तारखेला ठाण्यातला नोकरदार ४,५०० चं काही घेत नाही. एकदा सात-आठ तारखेचं प्रदर्शन करून बघा.

तळ्याकाठची | मंगळवार, सकाळी ९:००

बावीस-तेवीस होती. तीही दिवाळीनंतरची.

नेरूळची मैना | मंगळवार, सकाळी ९:२५

झालंच मग! अवांतर: तळ्याकाठी पुन्हा बसलीस तर मांडवाच्या चारी पायांना वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांध, भरलेले. वीस वीस किलो होतात आणि नेताना रिकामे. मागच्या वर्षी माझ्या शेजारणीचा अख्खा मांडव वाऱ्यानं उचलला, चार ऑइल पेंटिंग घेऊन. विटा सुतळीनं बांधल्या होत्या तिनं.

पट्टीवाला | मंगळवार, दुपारी १२:४०

सगळं झालं, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. ते आजोबा.

ताई, तुमच्या दोन दिवसांतलं खरं गिऱ्हाईक तेच होते. दहा मिनिटं उभा राहिलेला माणूस वेळ खात नसतो, काहीतरी आठवत असतो. तुम्ही त्यांना सांगितलंत "आता पाडलंय" आणि विषय संपवलात. त्यांना एक प्रश्न विचारायचा होतात: "तुम्ही कुठे राहायचात?"

माझ्या दुकानात काय येतं ते सांगतो. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, सगळीकडे बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला चालल्यात. घर रिकामं करायची तारीख लागली की लोक येतात. कुणी बिल्डिंगचा मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून फ्रेम करतं. कुणी दारावरची पाटी. एका गृहस्थांनी खोलीतली मोज़ेक लादी आणली होती, एकच, लाल-पिवळी, तिला खोल फ्रेम करून दिली. फोटो फारसे चांगले नसतात. समोर गाड्या लावलेल्या, वायरी, बिल्डरचा फ्लेक्स. लोक मला विचारतात, "हे काढून टाकता येईल का?" मला नाही येत. तुम्हाला येतं.

तुमच्याकडे सात घोडे नाहीत ते सोडून द्या. तुमच्याकडे दुमजली घर आहे आणि ते ओळखणारा माणूस ठाण्यातच आहे. तो तळ्याकाठी हिंडायला येत नसेल इतकंच. गुडघे दुखतात त्याचे.

रिकामी भिंत | मंगळवार, दुपारी १:०५

पट्टीवाले काका, मला आमची चरईतली चाळ आठवली. हॉलच्या भिंतीला दोन वर्षं काय हवंय ते आत्ता कळलं.

कुंचलाधारी | मंगळवार, रात्री ९:१०

पटलं, पण सावधगिरीचा सल्ला. फर्माइशी कामात चित्रकाराचं रक्त आटतं. "आमची खिडकी हिरवी होती, निळी नाही." आगाऊ निम्मे पैसे घ्या, कच्चं पेन्सिल रेखाटन दाखवा, दुरुस्त्या त्याच टप्प्यावर. रंग लागल्यावर दुरुस्ती नाही, हे आधीच लिहून द्या. जलरंगात खोडरबर नसतो हे लोकांना कळत नाही.

घोडबंदरचा घोडा | मंगळवार, रात्री ९:३०

वाचनखूण साठवली. चहा थंड झाला.

तळ्याकाठची | रविवार, रात्री १०:१५ (दोन आठवड्यांनंतर)

धागा वर आणते, कारण मागचा हिशेब इथेच मांडला होता.

काल नौपाड्यात एका संस्थेच्या पटांगणात एक दिवसाचं प्रदर्शन होतं. भाडं १,५००. तारीख सहा. टेम्पो नाही, दहा चित्रं आणि एक पेटी, रिक्षानं ४०० मध्ये येऊन-जाऊन. दोन एलईडी १,१०० चे, खाणं २००. एकूण ३,२००. विक्री: फ्रेमसकट एक, छोटी दोन, पोस्टकार्डं चौदा. ८,९४०. उरले ५,७४०. मागचा खड्डा अजून तीनशे रुपयांनी उरलाच आहे, पण आज नवरा फ्रीजकडे जाताना बोलला.

काय जमलं: टेबल कडेला घेतलं. माणसं खरंच आत येतात, आणि आत आलेला माणूस दहा सेकंदांत बाहेर जात नाही, त्याला अवघडल्यासारखं होतं. पेटी चाळायला तर रांग. दोन्ही छोटी पेटीतलीच गेली. दिव्यानं तर मीच चकित झाले, मासुंद्याची निळी पहिल्यांदा मी घरी लावली होती तशी दिसली. खुर्ची न्यायचीच नाही असं ठरवलं होतं. उंच स्टूल नेलं आणि मांडीवर वही घेऊन रेखाटत बसले. रिकामी भिंत, टक लावणं आणि मोबाइल यांच्या मधलं हे मला सापडलं. लोक वहीत डोकावतात आणि मग आपणहून बोलतात.

काय नाही जमलं: किमती समोर लिहिल्यावर घासाघीस दुप्पट झाली. आधी निदान विचारायला लाजत होते, आता आकडा वाचूनच येतात, "तीनला द्या, लगेच यूपीआय करते." दिलं नाही. त्या बाई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या नाहीत, आणि रात्री मला वाटलं द्यायला हवं होतं. एका छोट्यानं ऑरेंज कँडीचं बोट एका माउंटवर ठेवलं. पट्टीवाले काका, माउंट बदलायला उद्या येतेय.

आणि आता मुख्य. दुमजली घराशेजारी एक पुठ्ठा लावला होता, हातानं लिहून: "तुमचं घर कुठलं होतं?" बस्, एवढंच. दिवसभरात निदान पंधरा जणांनी सांगितलं. चित्र नाही घेतलं, नुसतं सांगितलं. कुणाचं विष्णूनगर, कुणाचं भास्कर कॉलनी, एक आजी तर गडकरी रंगायतनच्या मागे राहायच्या, तालमींचे आवाज घरात यायचे म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतलं सगळं. ते आजोबा काही आले नाहीत. डोळे तेवढे त्यांनाच शोधत होते.

संध्याकाळी भाऊ-बहीण आले, दोघंही साठीचे. पाचपाखाडीतलं त्यांचं घर गेल्या वर्षी पाडलं. निम्मे पैसे आगाऊ दिले, कच्च्या रेखाटनाची अट मान्य केली (कुंचलाधारी, आभार). फोटो एकच आहे, १९८७ सालचा, बहिणीच्या लग्नातला. मागे घर धूसर, पुढे मांडवाचा खांब, आणि खांबाच्या एका बाजूला झाडाचा अर्धा बुंधा. आंबा होता म्हणे, घराएवढा. भाऊ म्हणतो जिन्याच्या डावीकडे, कारण तो फांदीवरून गच्चीत उतरायचा. बहीण म्हणते उजवीकडे, कारण तिच्या खिडकीत कैऱ्या यायच्या. फोटो उलटा छापला गेलाय की काय तेही कळत नाहीये, कारण त्यात वाचता येईल असं एकही अक्षर नाही. दोघं माझ्या स्टॉलवर वीस मिनिटं भांडले आणि मग हसायला लागले.

पेन्सिलनं दोन रेखाटनं केली आहेत, एकात झाड डावीकडे, एकात उजवीकडे. बुधवारी दोघांना दाखवायची आहेत. फोटो उलटा आहे की सुलटा हे ओळखायची काही युक्ती कुणाला माहीत आहे का?

पट्टीवाला | रविवार, रात्री १०:५०

नवऱ्या मुलाच्या सदऱ्याची बटणं बघा. पुरुषांची उजवीवर डावी बाजू येते.

तळ्याकाठची | रविवार, रात्री ११:०४

झब्बा घातलाय हो त्यांनी. पण थांबा, बाजूला मामा उभे आहेत, शर्टात. भिंग आणते.